ठिणगी आणि पाणी

रात्रीची जेवणं झाली, मामी भांडी घेऊन मोरीकडे गेल्या आणि मी पिशवीतून फॉर्म काढला. धुळ्याला देवपुरात मामांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर मामा एका कुशीवर पडले होते, डाव्या पायाखाली उशी. तीन महिने झाले होते. कंबरेतून कळ निघायची ती मांडी, पोटरी करत थेट अंगठ्यात उतरायची. गल्लीने निदान केव्हाच करून टाकलं होतं : मणक्यात गॅप पडलाय. जळगावच्या डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहिला, अंगठा वर ओढायला लावला, टाचणी टोचून पाहिली आणि चिठ्ठीवर एमआरआय लिहिलं. मामा त्याला ‘यमाराय’ म्हणतात आणि म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो.

फॉर्म मी जळगावच्या सेंटरवरून दोन दिवस आधीच मागून आणला होता. काउंटरवरच्या मुलाला नवल वाटलं. “आल्यावर भरू ना मॅडम, दोन मिनिटांचं काम.” ते दोन मिनिटांचं काम नाही, हे मला चार वर्षांपूर्वी कळलं होतं. तेही सांगणार आहे, पण आधी मामांचं.

मी एकेक प्रश्न वाचत गेले. छातीत पेसमेकर बसवलाय का? मेंदूच्या रक्तवाहिनीला कधी क्लिप लावली होती का? कानात ऐकू येण्यासाठी आत बसवलेलं यंत्र आहे का? हृदयात स्टेंट? हाडात रॉड, प्लेट, स्क्रू? मामा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत होते, शाळेत हजेरी द्यावी तसे. मग आला तो प्रश्न : डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?

“नाही.”

मी पुढच्या चौकोनाकडे वळणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “थांब माय. एकदाव गयथा.”

“एकदा नाही, तीनदा,” मोरीतून मामींचा आवाज आला. “थोरलीच्या बाळंतपणाहून मी परत आले तेव्हा एकदा. मग शेड बदलली त्या वर्षी. आणि शेवटच्या वेळी तर डोळा इतका सुजला, की सिव्हिलला न्यावं लागलं.”

मामांनी तीस वर्षं अवधानच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम केलं. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ग्राइंडर चालवताना चष्मा असायचा; पण एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घामाने काचा धुरकटल्या की तो कपाळावर जायचा. ठिणगी उडाली की शेजारचा कारागीर रुमालाचं टोक पिळून, त्याने कण टिपून काढायचा आणि काम पुढे सुरू. सगळा निघाला की थोडा राहिला, हे कोण बघणार? डोळ्याची लाली गेली की माणसं ती गोष्ट विसरून जातात. मामाही विसरले होते. मामींच्या मात्र ते लक्षात होतं, कारण त्या तिन्ही रात्री त्यांनी जागून काढल्या होत्या.

मी त्या चौकोनात ‘हो’ लिहिलं, आणि मनात आलं, की हा प्रश्न सकाळी काउंटरवर, मागे रांग असताना, कुणी घाईने विचारला असता तर मामींचा आवाज मोरीतून आला नसता.

एवढ्याशा कणाने काय होतं, असं मामांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. कण वर्षानुवर्षं डोळ्याच्या एका कोपऱ्यात निपचित पडून असतो, शरीराला त्याची सवय होते. पण आपल्याकडे सर्रास असतं ते एमआरआयचं चुंबक दीड टेस्लाचं. पृथ्वीचं चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवतं, त्याच्या हे तीस हजार पटींहून जास्त. त्यात लोखंडाचा कण जागचा हलू शकतो, वळू शकतो. दृष्टीच्या पडद्याजवळ एक मिलिमीटरसुद्धा फार झाला. म्हणून लोखंडकाम केलेल्या, डोळ्यात कधी कण गेलेल्या माणसाचा आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत वेल्डर, टर्नर, ग्राइंडर चालवणारे इतके आहेत, की त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरी हे माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

आणि हे चुंबक कधी बंद नसतं. दार उघडं, दिवे मंद, पेशंट कुणी नाही, मशीनचा आवाजही नाही, तरी ते चालूच असतं. आत विशिष्ट धातूच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवलेली असतात, उणे २६९ अंश सेल्सिअसला. त्या थंडीत तारेचा विरोधच संपतो, एकदा सोडलेला विद्युतप्रवाह तिथल्या तिथे फिरत राहतो. या हेलियमशी आपल्या देशाचं जुनं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गावरून पुढे आंध्रात गुंटूरपर्यंत गेली होती. तिथे फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन याने सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ पाहिली, आणि पृथ्वीवर सापडण्याआधी हेलियमची खूण माणसाला सूर्यावर मिळाली. विजयदुर्गावर अजून तो दिवस साजरा करतात.

चुंबक कायम चालू असतं, हे न कळल्याने माणसं गेली आहेत. २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात एक ३२ वर्षांचा तरुण नात्यातल्या आजारी बाईंसोबत एमआरआयच्या खोलीत गेला. त्याच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. मशीन बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं तेव्हा बातम्यांत आलं. चुंबकाने सिलिंडर खेचला, त्याच्यासोबत तोही खेचला गेला, आणि तो वाचला नाही. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्रात दोन कर्मचारी असेच सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सापडून काही तास अडकून पडले होते. नायरमधला तो तरुण पेशंट नव्हता. त्याला कुठला फॉर्मही भरायला लागला नसणार. आपल्याकडे पेशंटबरोबर गाडीभर माणसं येतात, एक जण पिशवी धरतो, एक सलाइनची बाटली, एक व्हीलचेअर ढकलतो. प्रेमाने येतात. त्या प्रत्येकाला दाराशी थांबवून सांगायला हवं, की आत काहीही न्यायचं नाही, कुणी सांगितलं तरी न्यायचं नाही.

आता चार वर्षांपूर्वीचं. माझी मान आणि डावा हात दुखायचा. सेंटर कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. सोबत सासरे होते, कारण यजमान बाहेरगावी होते. फॉर्म इंग्रजीत होता. मुलाने पेन काढलं आणि माझ्याकडे न बघता रांगेने ‘नाही’वर खुणा केल्या. शेवटी काय वाटलं कोण जाणे, मान वर करून मोठ्याने विचारलं, “मॅडम, कॉपर-टी वगैरे?” सासरे दोन हातांवर उभे. मी ‘नाही’ म्हणाले. होती.

मग दाराशी पोचल्यावर कळलं, की अंगावरचं सगळं काढायचं. आम्ही सोन्याच्या गावची माणसं. जळगावला सोनं घ्यायला लांबलांबून लोक येतात. मंगळसूत्र काढून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवलं, त्याला अडकवलेल्या तीन सेफ्टीपिनांसकट. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण पिना लोखंडाच्या असतात, बेन्टेक्सच्या दागिन्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि कुठलाही धातू चित्रावर काळा डाग पाडतो किंवा तापतो. जोडवी निघेनात. सतरा वर्षांत ती कधी काढलीच नव्हती. एका मावशीने साबण लावून, बोट पिरगळून ती काढली. बाहेर बाकावर चार अनोळखी माणसं बघत होती. मला रडू आलं आणि त्याचं कारण बोटाचं दुखणं नव्हतं. आदल्या रात्री कुणी सांगितलं असतं, तर मी तीच जोडवी घरी, देवासमोर बसून, माझ्या हाताने काढली असती.

आत नळीत पंचवीस मिनिटं मी त्या एका ‘नाही’चा विचार करत होते. आता ती आत हलेल का, ओढली जाईल का, कुणाला सांगू? नंतर आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, की तांबं चुंबक ओढत नाही, या मशीनमध्ये कॉपर-टी असलेल्या बायका नेहमीच जातात. भीती वाया गेली म्हणायची. पण मी खोटं बोलले होते, आणि त्या दिवशी कॉपर-टीच्या जागी पोटात दुसरं काही असतं, तर? बाईला हा प्रश्न आडोशाला नेऊन विचारायचा असतो. गरोदर असण्याचा प्रश्नही तसाच, पाळी चुकल्याचाही.

म्हणून या वेळी फॉर्म आधी आणला, मराठीतून वाचला आणि घरात वाचला. मामांच्या करगोट्यात सप्तशृंगीच्या गडावरून आणलेला तांब्याचा ताईत होता. मामींनी तो स्वतः सोडला, हळदी-कुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवला. खालच्या दातांची कवळी डबीत गेली. मग मामांना मी सतरंजीवर उताणं निजायला लावलं, गुडघ्यांखाली उशी, आणि घड्याळ लावलं. मशीनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडायचं असतं, जराही हललं की चित्र पुसट येतं. आठव्या मिनिटाला मामांना कळ सोसेना. बरं झालं घरीच कळलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जायच्या तासभर आधी घ्यायची एक गोळी सांगितली.

“किरणं मारतात का?” मामांनी अंधारात विचारलं. नाही मारत. एक्स-रे आणि सीटीसारखी किरणं यात नसतात. मग काय असतं, हे समजावताना मी पाण्यापाशी आले.

मामांची शिंदखेडा तालुक्यात दोन एकर कोरडवाहू आहे. तिथे तीन बोअर कोरडे गेले. मी लहान असताना एका पाणाड्याला बोलावलं होतं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधाने चालत होता, आणि नारळ उभा राहिला तिथे त्याने चुन्याची फुली मारली. ऐंशी फुटांवर काळा पाषाण लागला आणि तो दोनशेपर्यंत संपलाच नाही. त्या फुलीचं कर्ज मामांनी शेडमध्ये फेडलं.

मी म्हटलं, मामा, ही मशीन शरीरातलं पाणी शोधते. आणि हिला नेमकं सापडतं. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो, त्याचं केंद्र एखाद्या इवल्या होकायंत्रासारखं वागतं. एरवी ही होकायंत्रं कुठेही तोंड करून असतात. मोठ्या चुंबकात ती रांगेला लागतात. मग रेडिओच्या लहरी सोडून त्यांना हलकेच ढकलायचं; दीड टेस्लाला ती लहर साधारण ६४ मेगाहर्ट्‌झची, आपलं एफएम ८८ पासून सुरू होतं त्याच्या जरा अलीकडची. लहर थांबली की ती पुन्हा जागेवर येतात आणि येताना स्वतः बारीकशी साद देतात. कुठून किती साद आली यावरून चित्र. अशी साद येते, हे ब्लॉक आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये दाखवलं. त्यातून चित्र काढता येईल, हे १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी दाखवलं, आणि त्यांचं ते पहिलं चित्र होतं पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. मँसफिल्ड यांच्याबरोबर त्यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. मामांनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि नळ्यांचं मात्र पुन्हा विचारलं. “पहिला फोटू पाण्याचाच?” पाण्याचाच.

सकाळी निघालो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल. मागच्या सीटवर मामा आडवे, डोकं मामींच्या मांडीवर. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा त्यांनी मान उचलून नदी पाहिली. वाळूत पाण्याची एक बारीक धार होती.

सेंटरवर आमच्या आधी यावलकडचे एक काका होते. पहाटे पाचला निघालेले, उपाशी. त्यांना रंगाचं इंजेक्शन द्यायचं होतं आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट आणायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. या इंजेक्शनातलं गॅडोलिनियमचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ते अंगात रेंगाळतं आणि क्वचित कातडी दगडासारखी घट्ट होण्याचा आजार होतो, म्हणून तो रिपोर्ट आधी बघतात. काकांना लॅबकडे पाठवलं. भर उन्हात, टॉवेल डोक्यावर घेऊन ते निघाले. मामांना ते इंजेक्शन नव्हतं, उपास तर मुळीच नव्हता. कंबरेच्या साध्या एमआरआयला तो लागत नाही. तरी गल्लीतल्या सल्ल्याने ते पाणीसुद्धा न पिता आले होते. मी त्यांना चहा आणि पाव दिला.

टेक्निशियन तिशीचा मुलगा. फॉर्म वाचत खाली आला आणि ‘हो’वर थांबला. “कधी गेला होता कण? काढला कुणी?” त्याने आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, मामांना शेजारी एक्स-रेला नेलं. एकदा वर बघून, एकदा खाली बघून. अर्ध्या तासात डॉक्टरांनी सांगितलं, डोळे स्वच्छ आहेत, काही नाही. मामी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. इतक्या वर्षांनी त्या तीन रात्रींचा निकाल लागला होता.

मग त्या मुलाने मामांचं वजन घेतलं आणि ते का घेतो हेही सांगितलं : रेडिओच्या लहरींनी अंग थोडं तापतं, किती लहर सोडायची ते वजनावरून ठरतं. हात पोटावर एकमेकांत गुंफायचे नाहीत, दोन्ही पोटऱ्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. त्याने मध्ये गादीचा तुकडा सरकवला. कातडीला कातडी लागून कडं तयार झालं, तर तिथे चटका बसू शकतो. कानात बोळे, वर हेडफोन. हातात रबरी फुगा. “दाबला की मी थांबवणार. लाजायचं नाही.” आणि आत सरकवायच्या आधीच डोळे मिटायला लावले. हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर! आत गेल्यावर डोळे उघडले आणि नाकापासून चार-सहा बोटांवर छत दिसलं, की छातीत धडधड सुरू होते. आधीच मिटलेले असले तर आपण कुठे आहोत ते मनाला कळत नाही.

मग तो वाकून म्हणाला, “घाबरू नका बाप्पू. मी आठेच शे.”

मामांचे खांदे सैल झाले. मी दारातून पाहिलं. मराठीत, इंग्रजीत मी रात्रभर जे समजावलं होतं, त्याने जे झालं नव्हतं ते अहिराणीतल्या त्या तीन शब्दांनी झालं. आमच्याकडे शिकलेली मुलं दवाखान्यात, बँकेत अहिराणी बोलायला कचरतात. त्या मुलाला मी नंतर जाऊन सांगितलं, की हे सोडू नको.

दार बंद झालं आणि ठोके सुरू झाले. बाहेरच्या बाकालाही ते जाणवत होते. आतल्या दुसऱ्या वेटोळ्यांमधून वीज सेकंदात कितीतरी वेळा उलटसुलट जाते, मोठ्या चुंबकात त्यांना प्रत्येक वेळी हिसका बसतो, त्याचा तो आवाज; शंभर डेसिबलच्या वर जातो. बाहेर आल्यावर मी भीतभीत विचारलं, आवाजाने त्रास झाला का? मामा म्हणाले, “शेडमध्ये होतो असं वाटलं. आधी हातोडा, मग कटर, मग ग्राइंडर. मी मोजत होतो कुठलं काम चाललंय.”

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. इंग्रजीतली दीड पानं, आणि त्यात भीती वाटावी असे शब्द : डिजनरेशन, बल्ज, डेसिकेशन. रिपोर्ट असा बाकावर बसून एकट्याने वाचू नये, थेट डॉक्टरांकडे न्यावा. मी मात्र वाचलाच. डॉक्टरांनी अंगठा पुन्हा तपासला, मग चित्रं लावली. ते म्हणाले, यातलं निम्मं तर तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसातही दिसेल. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. आपण चित्रावर इलाज करत नाही, पायावर करतो. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती शिरेला टेकली आहे, तेच दुखणं. ऑपरेशन आत्ता नको. सहा आठवडे औषध आणि व्यायाम, पाय लुळा पडतोय असं वाटलं किंवा लघवी-संडासची जाणीव गेली तर मात्र त्याच दिवशी यायचं.

परतताना एरंडोलच्या पुढे सूर्य अगदी समोर आला. मामांनी फिल्म मागितली. काचेला लावून धरली आणि बोटाने वरून मोजायला लागले. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती, मधोमध पांढरी, पाण्याने भरलेली. एक पांढरी, दुसरी पांढरी, तिसरी जरा मळकट. चौथी काळी. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

“आठलं पानी सरी गयं, माय.”

डेसिकेशन या शब्दाचा अर्थ तोच होता. मी हो म्हटलं. मामींनी त्यांच्या हातातून फिल्म घेतली, पाकिटात सरकवली आणि पाकीट आपल्या पिशवीत, ताईत बांधायच्या नव्या काळ्या दोऱ्याशेजारी ठेवलं.